क्यूचे अभिलेखागार: एमआय-५च्या फायली वाचणाऱ्याच्या नजरेतून

ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जची पायरी चढावीच लागते, आणि निव्वळ सेवा म्हणून पाहिले तर तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. वाचकपत्र विनामूल्य मिळते, मागवलेली फाईल आपल्या आसनाच्या क्रमांकाच्या कप्प्यात येऊन पडते, आणि लिहिण्यासाठी शिसपेन्सिलीखेरीज काही आत नेता येत नसले तरी स्वतःच्या कॅमेऱ्याने पाने टिपायला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुन्या कागदांचे रुमाल सोडत बसलेल्यांना यातले शेवटचे कलम विशेष भावेल.

खरा ऐवज केव्ही-२ या मालिकेत आहे. एमआय-५ने, म्हणजे ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेने, १९९७पासून टप्प्याटप्प्याने सोपवलेल्या केव्ही दप्तरातील या व्यक्तिगत फायलींत पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यावरच्याही फायली आहेत. आरंभी टिपणीची पाने लागतात, ज्यांवरून कोणता कागद कोणी, केव्हा पाहिला आणि पुढे कोणाकडे धाडला ते कळते. मागोमाग क्रमवार लावलेल्या, टपालात फोडून वाचलेल्या पत्रांच्या नकला. मंत्रालयातील टिपणी आणि पत्रव्यवहार अशी दुभागलेली फाईल ज्याने हाताळली आहे, त्याला या रचनेत परके काही वाटणार नाही. मात्र मध्येच एखादे पान छायाप्रत निघते, त्यात कोरे चौकोन असतात आणि मूळ कागद १९५८च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या कलम ३, उपकलम ४खाली खात्याकडेच राखल्याचा शिक्का असतो. हा दोष वाचनकक्षाचा नव्हे. परंतु यंत्रणेने द्यायचे ठरवले तेवढेच आपण वाचतो आहोत, हे तो शिक्का विसरू देत नाही. परदेशांतील हेरगिरी पाहणारी एमआय-६ तर आपले दप्तर सहसा सोपवतच नाही, त्यामुळे तिचा माग इतर खात्यांत उरलेल्या प्रतींवरून काढत बसावे लागते. त्या मानाने युद्धकाळातील सांकेतिक संदेशांच्या उकलीचे एचडब्ल्यू दप्तर पुष्कळच उदार आहे.

सावरकरांसारखे क्रांतिकारक जिथे राहत त्या लंडनच्या इंडिया हाउसच्या ओढीने येणाऱ्या मराठी अभ्यासकांनी पत्ता नीट पाहावा. १९०९ साली मदनलाल धिंग्रांनी केलेल्या ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलींच्या हत्येनंतर क्रांतिकारकांवर पाळत ठेवण्यासाठी लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्सच्या फायलींची मुख्य मालिका क्यूला नसून सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, एल/पीजे/१२ या खुणेखाली आहे. क्यू रविवारी आणि सोमवारी बंद असते. तो सोमवार सेंट पँक्रसला द्यावा.