एलियन: आयसोलेशन – लपून बसण्याची भीती हवीशी वाटायला लावणारा गेम

२०१४ साली आलेला हा गेम आजही घाम फोडतो. कारण इथे खेळाडूची शिकार करणारा एलियन ठरलेल्या वाटेने फिरत नाही. गेमच्या प्रोग्राममध्ये त्याला चालवणारे दोन मेंदू आहेत. एकाला खेळाडू कुठे आहे हे कायम ठाऊक असतं, पण तो एलियनला फक्त साधारण दिशा सुचवतो. पुढचं शोधकाम एलियनने स्वतःच्या डोळ्याकानांनी करायचं. त्यामुळे तीच खोली पुन्हा खेळली तरी पाठांतर कामाला येत नाही.

सर्वांत अफलातून चीज म्हणजे मोशन ट्रॅकर, एलियन कुठे आहे ते ठिपक्याने दाखवणारं हातातलं यंत्र. तो वर धरला की त्याच्या पलीकडचं दृश्य धूसर होतं, म्हणजे ठिपका बघायचा की समोरचा दरवाजा, एकच काय ते निवडा. दाखवतो तो फक्त हालचाल. एलियन स्तब्ध उभा असेल तर पडदा कोरा. वर ट्रॅकरचा आवाज जवळच्या एलियनला ऐकूही जातो!

नवखे हमखास धावतात आणि तिथेच फसतात. वाकून चाला. लॉकरमध्ये लपलेले असताना एलियन दाराशी आला तर मागे रेलून श्वास रोखा. फ्लेमथ्रोअर (आग फेकणारं हत्यार) उधळू नका, एलियन त्याला सरावतो. सेव्ह करायलाही यंत्रापाशी काही सेकंद उभं राहावं लागतं आणि त्या वेळात मागून झडप पडू शकते. सेव्ह झाल्यावर जो सुस्कारा सुटतो, त्याच्यासाठीच तर माणूस ही भीती मागून घेतो.

अँड्रॉइडशी, म्हणजे माणसासारख्या यंत्रमानवांशी होणाऱ्या झटापटी कंटाळवाण्या आहेत, शेवटही ताणलाय. तरी घ्याच. हेडफोन लावा आणि ‘हार्ड’ या अवघड पातळीवर खेळा.