अप्रेझल टाळावे की मागावे? अमेरिकेत घर घेणाऱ्यांसाठी तुलना

अमेरिकेत गृहकर्जाचा अर्ज गेला की कधी कधी कर्ज अधिकाऱ्याचा निरोप येतो: संगणकाच्या अंदाजावरून तुमच्या घराला अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाकडून किमतीचे मूल्यांकन, लागणार नाही, तेवढे पैसे वाचले. एडिसन असो वा डॅलस, पहिलेच घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला हा निरोप सुखावतो. मात्र कर्ज देणाऱ्याचा प्रश्न हप्ते थकले तर घर विकून आपली रक्कम वसूल होईल का, एवढाच असतो. आपण जास्त किंमत तर देत नाही ना, हा प्रश्न विकत घेणाऱ्याचा असतो आणि तो संगणकाला कोणी विचारलेला नसतो.

पारंपरिक पद्धतीत परवानाधारक अप्रेझर स्वतः घरात येतो, मोजमाप घेतो आणि आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांशी तुलना करून किंमत ठरवतो. बचत व कर्जसंस्थांच्या दिवाळखोरीनंतर १९८९ च्या संघीय कायद्यामुळे परवान्याची ही व्यवस्था उभी राहिली. अप्रेझरच्या ‘सर्टिफाइड रेसिडेन्शियल’ दर्जासाठी १,५०० तासांचा अनुभव लागतो. या पद्धतीत खर्च काहीशे डॉलरचा होतो आणि वेळही जातो; त्याबदल्यात चूक झाली तर जाब विचारण्यासाठी एक नाव आणि एक परवाना असतो.

खरी गुंतागुंत मधल्या वाटेत आहे. हायब्रिड पद्धतीत घर पाहायला डेटा कलेक्टर येतो. त्याची पार्श्वभूमी तपासलेली असते आणि त्याला प्रशिक्षणही दिलेले असते, परंतु त्याच्याकडे अप्रेझरचा परवाना असण्याची अट नसते. अनेकदा तो घरांचा एजंट किंवा विम्यासाठी पाहणी करणारा असतो. तो फोनवरील ॲपने खोल्या स्कॅन करतो, छायाचित्रे काढतो आणि निघून जातो. अप्रेझर ते सारे आपल्या टेबलावर बसून वाचतो आणि न पाहिलेल्या घराच्या किमतीखाली सही करतो. ॲपने काढलेला नकाशा टेपने घेतलेल्या मापापेक्षा सरस असू शकतो, हे मान्य करायला हवे. अडचण येते ती काय मोजले यापेक्षा ते कशात धरले यावरून. उतारावरच्या घरात मागे अंगणात उघडणारे, सजवलेले तळघर राहत्या मजल्यासारखेच दिसते. पण २०२२ पासून अप्रेझलसाठी फॅनी मे या, बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थेने लागू केलेल्या मोजणीच्या मानकानुसार एखाद्या मजल्याचा थोडासा भागही जमिनीखाली असेल, तर तो संपूर्ण मजला मुख्य क्षेत्रफळात धरता येत नाही. समजा, ८०० चौरस फुटांचे असे तळघर चुकून मुख्य क्षेत्रफळात जोडले गेले, तर १,८०० फुटांचे घर कागदावर २,६०० फुटांचे होते आणि त्याची तुलना भलत्याच मोठ्या घरांशी होते. अनुभवी अप्रेझरला हे दारातच कळते. छायाचित्रांवरून त्याला ते कळेलच असे नाही.

याच पाहणीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात कलेक्टर येतो आणि अप्रेझर अजिबात नसतो. अप्रेझलच्या पूर्ण माफीत, म्हणजे सुरुवातीच्या त्या निरोपात, तर कोणीच येत नाही. संगणकाचे मॉडेल खरेदीची किंमत पटण्याजोगी आहे एवढेच पाहते. २०२५ च्या सुरुवातीस फॅनी मे आणि तिच्यासारखीच संस्था फ्रेडी मॅक यांनी खरेदीच्या कर्जांसाठी या माफीची मर्यादा, म्हणजे कर्जाची रक्कम, घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेली, आणि कलेक्टरची भेट होणार असेल तर त्याहूनही वर. मॉडेल एकसारख्या, नव्या घरांच्या वसाहतीत चांगले चालते. मात्र घरांच्या किमती सांगणाऱ्या झिलो या संकेतस्थळाचे अंदाज विक्रीला लावलेल्या घरांबाबत बरेच अचूक ठरतात आणि इतर घरांबाबत त्यांची चूक कितीतरी वाढते, हे लक्षात ठेवावे. विक्रीला लावलेल्या घराची मागितलेली किंमत मॉडेलला आधीच दिसत असते. याच कंपनीने स्वतःच्या अंदाजांवर घरे विकत घेण्याचा व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये गुंडाळला.

म्हणून केवळ व्याजदर कमी करण्यासाठी पुनर्कर्ज घेत असाल, तर माफी निःसंकोच स्वीकारावी. एकसाची टाउनहाउस घेताना आणि भरपूर रक्कम स्वतःची घालताना हायब्रिडही पुरेसे आहे. जुने घर, वाढवलेल्या खोल्या, सजवलेले तळघर किंवा चढाओढीत वाढलेली किंमत असेल, तर पूर्ण अप्रेझल मागावे. अप्रेझलची अट करारात असेल आणि मूल्य कमी आले, तर त्या आधारावर किंमत उतरवता येते किंवा माघार घेता येते. अप्रेझलच झाले नाही, तर हा मार्ग उरत नाही. होम इन्स्पेक्शन, म्हणजे घराच्या स्थितीची तपासणी, हे वेगळे काम आहे आणि माफीमुळे ते टाळू नये. न्यू जर्सीत तर घर तापवण्यासाठी जमिनीत पुरलेली तेलाची टाकीही शोधून घेतलेली बरी.

हा निर्णय लवकर कळवावा, कारण एकदा अप्रेझल करून घेतले की त्या कर्जासाठी माफीकडे परतता येत नाही. अहवालाची प्रत कर्ज देणाऱ्याने सर्वसाधारणपणे क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, किमान ३ कामकाजाच्या दिवस आधी देणे बंधनकारक आहे. ती हाती आली की तळघराचे क्षेत्रफळ कोणत्या रकान्यात लिहिले आहे, ते सर्वांत आधी पाहावे.