सर्व्हेचे जुने दगड हुडकायचेत? मग आधी टोपोशीट घ्या

रिव्ह्यू आहे सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटचा, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, गावं दाखवणारा सरकारी नकाशा, ओपन सिरीज मॅप म्हणतात ती. मी ती बालाघाटच्या डोंगरात आणि इकडं संभाजीनगर-खुलताबाद भागात वापरतोय, आणि काम एकच, जुन्या मोजणीच्या खुणा शोधणं. ट्रेकला जातो तसंच जायचं, फक्त किल्ल्याऐवजी एखाद्या टेकाडावरचा नाहीतर जुन्या पुलाच्या कठड्यावरचा दगड गाठायचा. मोबाइल ॲप वापरलं, हँडहेल्ड जीपीएस वापरलं, पण या नादासाठी पहिली वस्तू कुठली विचाराल तर ही शीटच, पाचपैकी पाच.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८०२ ला विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासपासून देशाची मोजणी सुरू केली, पुढं तिलाच ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे म्हणजे जीटीएस म्हणायला लागले. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन माणसं डोंगर चढायची, हे नुसतं वाचून कळत नाही, स्वतः पाठीवर दोन बाटल्या पाणी घेऊन चढलं की कळतं. आपल्या उदगीरच्या पलीकडं बीदरला १८१५ ला बेसलाइन, म्हणजे पुढच्या मोजणीच्या आधाराची पायाची रेघ, मोजली, तेव्हा आपला सगळा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि लॅम्टन १८२३ ला वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. ज्या ७८ रेखांशाच्या आसपास हे सगळं काम चाललं ती रेघ आपल्या माहूर-किनवटच्या मधूनच जाते. शाळेत एव्हरेस्टचं (लॅम्टननंतर ही मोजणी चालवणारा, शिखराला त्याचंच नाव) नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण ही मोजणी आपल्या दारातून गेली हे कुणी सांगतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता शीटवर काय मिळतं ते. छोटा त्रिकोण आणि बाजूला उंची असेल तर ते ट्रँग्युलेशन स्टेशन, जिथून कोन मोजले ती जागा, म्हणजे माथ्यावर खडकात नाहीतर पुरलेल्या दगडावर गोल आणि मधे टिंब कोरलेलं असतं. बीएम लिहून उंची असेल तर ते बेंचमार्क, म्हणजे उंची मोजून ठेवलेली खूण, ते बहुतेक रस्त्याच्या कडेला, पूल, मोरी, जुन्या सरकारी इमारतीचं जोतं असल्या ठिकाणी. आणि तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात ती जागासुद्धा वेगळ्या खुणेनं दाखवतात. ही तिसरी खूण मला सगळ्यात आवडते कारण तिथं गेलं की गावातलं म्हातारं माणूस लगेच बोलायला लागतं. फक्त महसुलाचा शिवेचा दगड वेगळा आणि जीटीएसचा वेगळा, नवीन पोरं दोन्ही एकच समजून फोटो टाकतात. शिवेचे दगड शेतमोजणीचे, ३३ फुटी साखळीच्या हिशोबातले, ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, त्याचा उंचीशी काही संबंध नाही.

कागदावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, त्यामुळं शीट तुम्हाला टेकडीपर्यंत नेते, दगडापर्यंत नाही. तिथून पुढं २० मीटरच्या कंटूर रेघा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, वाचायच्या, सोंड कुठली, खिंड कुठली, सगळ्यात उंच जागा नेमकी कुठली, आणि मग डोळ्यांनी शोधायचं. मजा तिथंच आहे राव.

एक महत्त्वाचं. या ओपन शीट डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, जीपीएसचा हाच) आहेत म्हणून मोबाइलशी जुळतात. पण जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश (टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीनं ठेवलेले १९५० च्या दशकातले १:२,५०,००० चे नकाशे बरेच जण वापरतात) जुन्या एव्हरेस्ट डेटमवर असतात. ते तसेच मोबाइलमधे टाकले तर आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. ॲपमधे डेटम बदलून घ्या, नाहीतर बाजूच्या टेकाडावर दिवस जाईल.

२०१७ पासून पीडीएफ फुकट मिळायला लागली. संभाजीनगरची शीट जुन्या नंबरिंगनं ४७ एम/५. खरा घोळ प्रिंटमधे. एक शीट साधारण ५२ बाय ५५ सेंटिमीटर भरते, म्हणजे ए १ कागदच पाहिजे, आणि आमच्याकडच्या एका झेरॉक्सवाल्यानं न विचारता 'फिट टू पेज' मारून दिलं, सगळं मापच गेलं. काउंटरवरच पट्टी लावा, खालच्या स्केलवर १ किलोमीटर बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे, नाहीतर परत द्या. फ्लेक्सवर काढू नका, बारीक रेघा पसरतात. आर्किटेक्ट लोक जिथून प्लॉटरवर ड्रॉइंग काढतात तिथं जा, आणि मागून मांजरपाट चिकटवून घ्या म्हणजे घडीवर फाटत नाही.

कागदाचा अजून एक फायदा जो कुठल्याच ॲपमधे नाही. पाटोद्याकडं एका माळावर मी मोबाइल धरून फिरत होतो तर शेळ्या राखणारे मामा लांबूनच ओरडले, "काय हुडकायलात? गुप्तधन हाय का?" शीट जमिनीवर पसरली, त्यांचं गाव, ओढा, त्यांची वस्ती बोटानं दाखवली, तर मामा खालीच बसले आणि म्हणले, "आरं मग तो फुलीचा दगुड बगायचाय व्हय, त्यो खाली पवनचक्कीच्या रस्त्यात गेला." ही माहिती मला कुठल्या सॅटेलाइटनं दिली असती? मग त्यांनीच जुन्या रस्त्यावरची मोरी दाखवली. काळ्या दगडाच्या कठड्यावर चुन्याचे थर, ओल्या फडक्यानं हळू पुसलं आणि तिरपा टॉर्च मारला तेव्हा छोटा चौकोन दिसला, वर जी.टी.एस., खाली बी.एम., छिन्नीचा एकेक घाव मोजता येईल इतका स्वच्छ. मामांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, लहानपणापासून त्यावर बसत होते म्हणे.

खरवडू नका, खडूनं रंगवू नका, खोदू तर अजिबात नका. गुप्तधनाच्या नादात माथ्यावरचे कितीतरी दगड उपटले जातात, म्हणून मी नेमकी जागा कधीच लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. आणि शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारायचं, बांधावरनं चालायचं.

शीट घ्यायची तर आपल्याच तालुक्याची घ्या आणि तूर-कापूस निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जा. गवत वाळलेलं असतं, ऊन सोसवतं, आणि सकाळी आठच्या आत पोचलात तर तिरप्या उन्हात अक्षरं टॉर्चशिवाय वाचता येतात.