गाडीतळाचं मॉडेल: ॲरेना, सिमपाय की कोरं पायथन?

कारखान्याच्या गाडीतळावर ऊस किती तास ताटकळतो, हे कोल्हापुरात हंगामात कुणालाही विचारा. तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा घसरतो. ही रांग संगणकावर मांडायची, म्हणजे तिचं सिम्युलेशन करायचं, तर वाटा तीन: ॲरेना हे तयार सॉफ्टवेअर, पायथन भाषेतली सिमपाय ही लायब्ररी, नाहीतर लायब्ररीशिवायचं कोरं पायथन.

ॲरेनात ठोकळे ओढून जोडायचे. गाडी वजनकाट्यावरून गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिकडे, सरकताना पडद्यावर दिसते. संचालकांपुढे हे चित्र भाव खाऊन जातं. ‘शिळा ऊस आधी’ हा नियम रांगेच्या सेटिंगमध्येच बसतो. विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, पण मॉडेलमध्ये एका वेळी १५० गाड्यांच्या पुढे जाता येत नाही. भरल्या तळाला ते अपुरं.

सिमपायमध्ये प्रत्येक गाडी म्हणजे एक फंक्शन: काटा मागा, वजन करा, काटा सोडा. जिथे थांबायचं तिथे ‘यील्ड’ हा शब्द. शिळ्या उसासाठी ‘प्रायॉरिटीरिसोर्स’ला (प्राधान्याने सोडणारी रांग) तोडणीची वेळ द्यायची, लहान आकडा आधी सुटतो. पण ‘दोन ट्रॅक्टरांमागे एक बैलगाडी’ म्हटलं की प्राधान्याचा आकडा कामाचा नाही. मग दोन ‘स्टोअर’, म्हणजे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या वेगळ्या रांगा, आणि नंबर पुकारणारं एक वेगळं फंक्शन. दहा-पंधरा ओळी, पण नियम लिहिल्यासारखा वाचता येतो. उद्या नियम बदलला तर नेमकी कुठली ओळ बदलली तेही दिसतं. ॲरेनाची फाइल अशी वाचता येत नाही.

कोऱ्या पायथनमध्ये ‘हीपक्यू’त (सगळ्यात लहान नोंद आधी देणारी यादी) घटना टाकायच्या, सगळ्यात आधीची काढायची, घड्याळ तिथवर उडवायचं. मी वेळ आणि गाडी अशी जोडी टाकली होती. दोन गाड्यांची वेळ नेमकी एकच आली आणि पायथन त्या दोन गाड्यांचीच तुलना करायला गेलं, ती जमेना: ‘टाइपएरर’. मध्ये अनुक्रमांक घातला, सुटलं. सिमपायमध्ये ही सोय आधीच आहे. तरी शिकण्यापुरतं एकदा हाताने कराच.

प्रोग्रामिंग भाषेत सिम्युलेशन म्हणजे जुगाड, असं कुणी म्हणालं तर सांगा, प्रोग्रामिंगमधली क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पनाच १९६० च्या दशकात नॉर्वेत सिम्युलेशनसाठी बनवलेल्या सिम्युला भाषेतून आली.

मी सिमपायच घेईन. सादरीकरण आठ दिवसांवर आणि कोड लिहिणारं कुणी नाही, तर ॲरेना. काहीही घ्या, एकदाच चालवून आलेला आकडा पुढे करू नका; सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) बदलून तीसेक वेळा चालवा, आणि मॉडेल रिकाम्या तळापासून सुरू होतं, तेव्हाचे पहिले काही तास सरासरीतून वगळा.