दोन दिवसांचे चित्रपट-रसास्वाद शिबिर, दादर: लोकप्रिय सिनेमातला समलिंगी पुरुष

दादर पश्चिमेला एका संस्थेच्या छोट्या सभागृहात शनिवार-रविवारी झालेल्या या शिबिरासाठी मी १,२०० रुपये भरले आणि ते सत्कारणी लागले, असे मनापासून वाटते. लोकप्रिय चित्रपटांत समलिंगी पुरुष कसा रंगवला जातो, एवढाच विषय होता आणि मार्गदर्शकांनी तो शेवटपर्यंत हातचा सोडला नाही.

आरंभ ‘नटरंग’मधील प्रसंगांनी झाला, तेव्हा मला ही निवड अस्थानी वाटली, कारण २०१० च्या या चित्रपटातील गुणा हा बायको-मुलाचा, पैलवानी अंगाचा गडी आहे. मात्र फडासाठी तो नाच्या होतो आणि त्याच्या नुसत्या लचकण्यावरून लोक त्याची किंमत ठरवू लागतात, हे प्रसंगाप्रसंगाने दाखवत मार्गदर्शकांनी माझी शंका फेडली. आपला प्रेक्षक हसतो तो पुरुषाच्या बायकी हावभावांना. त्याचा जीव कोणावर जडला आहे, हे त्या हसण्याच्या गावीही नसते. मुरके मारणारा ड्रेस डिझायनर पडद्यावर आणून हिंदी चित्रपटांनी हेच आयते हसू कितीदा तरी वसूल केले आहे.

रविवारचे सत्र त्याहून मोलाचे ठरले. ‘दोस्ताना’मध्ये (२००८) दोन पुरुष मायामीत भाड्याने जागा मिळावी म्हणून समलिंगी असल्याचे सोंग घेतात. मी आणि माझा जोडीदार मुंबईत जागा शोधत होतो तेव्हा आम्हाला नेमके उलटे सोंग वठवावे लागले होते: अकरा महिन्यांच्या करारावर सह्या होईपर्यंत आम्ही दलालासमोर एकाच कार्यालयातले सहकारी होतो. सभागृह हसत असताना मला हसता आले नाही. चर्चेत मी हे सांगितले आणि सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे.

त्या चर्चेतूनच मला उमगले की साचा केवळ हावभावांचा नाही. दोन मिनिटांसाठी येऊन हशा मिळवून जाणारे ते पात्र राहते कुठे, रात्री त्याच्यासाठी जेवायला कोण थांबते, हे पटकथेने कधी विचारलेलेच नसते. यानंतर ‘अलीगढ’ (२०१६) दाखवला, हा क्रम मला फार विचारपूर्वक वाटला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या प्रा. रामचंद्र सिरस यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन माणसे शिरली होती. चित्रपटात तेच सिरस घरात एकटे बसून लताबाईंची गाणी ऐकतात, आणि कॅमेरा घाई न करता त्यांच्या चेहऱ्यावर थांबतो.

ध्वनिव्यवस्था सुमार होती, मागच्या रांगांत निम्मे संवाद पोहोचत नव्हते. त्याहून खटकले ते असे, की २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणाऱ्या ‘साबर बोंडं’चा केवळ ओझरता उल्लेख झाला. वडिलांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला तरुण, त्याची आई, नातलगांचा लग्नाचा लकडा आणि त्याच घर-शिवारात फुलणारे दोन पुरुषांचे प्रेम, हे सारे आपल्या मराठीत असताना त्याला दहा मिनिटेही मिळू नयेत, याचे वाईट वाटले. शनिवारी सकाळचा अर्धा-पाऊण तास ओळखपरेडीत गेला, तो वाचवता आला असता.

पुढच्या शिबिरात या चित्रपटाला पूर्ण सत्र द्यावे, अशी आयोजकांना विनंती आहे. तसे झाल्यास मी दोघांचे शुल्क भरून जोडीदारासह येईन.