बीए करून एमएसडब्ल्यू, थेट बीएसडब्ल्यू, की दोन्ही एकदम?

बारावी आर्ट्स झालीय, जायचं समाजकार्यातच आहे पण समाजशास्त्र, मानसशास्त्र पण सोडवत नाही, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी लिहितेय. बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदवी आणि एमएसडब्ल्यू म्हणजे त्यातलीच मास्टर्स डिग्री.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. आपल्याकडे हॉस्पिटलमधला समाजसेवा अधीक्षक, फॅमिली कोर्टातला समुपदेशक, सीएसआरचं (कंपन्यांच्या सामाजिक निधीतलं) किंवा मोठ्या एनजीओचं प्रोजेक्ट, अशा कामांना बहुतेक ठिकाणी मास्टर्सच मागतात. आणि एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो. मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (तिथे डिग्रीचं नाव एमए सोशल वर्क असतं), कुठेच बीएसडब्ल्यूची सक्ती नाही. म्हणजे बीए केलं तर दार बंद होतं ही भीती काढून टाका.

मग बीएसडब्ल्यू कशासाठी? फिल्डवर्कसाठी. आठवड्यातले ठरलेले दिवस एजन्सीत, म्हणजे वस्तीत, शाळेत, बालगृहात जायचं, रात्री रिपोर्ट लिहायचा, आणि मग सुपरव्हायझर विचारणार की तुला काय वाटलं ते पानभर लिहिलंयस, पण ज्या ताईंना भेटलीस त्या काय म्हणाल्या ते कुठाय? अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ही सवय लागली की माणसाचं ऐकून घेता येतं, आणि हे काम आपल्याला झेपतंय का तेही लवकर कळतं.

बीएचं बळ वेगळं आहे. समजा बीडमधली ऊसतोड कुटुंबातली मुलगी आठवीत शाळा सोडते आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. बीएसडब्ल्यूवाली घरभेट करेल, अंगणवाडीताईंना गाठेल, बाल कल्याण समितीपर्यंत जाईल. पण तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं मोजतात, मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या कोयत्यावर देतो, त्यामुळे लग्न झालं की नवीन कोयता तयार होतो, हे गणित ज्याने अर्थशास्त्र-समाजशास्त्र नीट वाचलंय त्याला लवकर दिसतं आणि ते न बघता नुसतं आईबापाला समजावत बसलं तर पुढच्या हंगामात तेच होणार. बीएसडब्ल्यूतही समाजशास्त्र असतं, पण तेवढं खोल जायला वेळ मिळत नाही.

दोन्ही एकदम करायचं तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून परवानगी दिलीय, रेग्युलर बीए आणि सोबत इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, दूरशिक्षणातलं बीएसडब्ल्यू असं जमू शकतं. कागदावर छान वाटतं. पण इग्नूलाही फिल्डवर्क आहेच, इकडे कॉलेजची हजेरी, आणि घरून कामाला जाणारं पोर असेल तर फिल्डवर्कच्याच पाट्या टाकल्या जातात. मी तरी सुचवणार नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र चित्र उलटं आहे. तिथे चार वर्षांचं बीएसडब्ल्यू ही स्वतःच पूर्ण प्रोफेशनल डिग्री, तिथल्या सोशल वर्कर्सची असोसिएशन कोर्सला मान्यता देते आणि किमान १००० तासांचं प्लेसमेंट लागतं. सिडनी युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी बीए जोडून घेतलं की साधारण एकच वर्ष वाढतं, म्हणून तिकडच्या मराठी घरातल्या मुलांना कंबाइंड डिग्री मी बिनधास्त घ्या म्हणेन. इथून जाणाऱ्यांनी फी सोबत हाही हिशोब करा की प्लेसमेंटचे ते तास सहसा बिनपगारी असतात.

इथल्यांसाठी माझं मत: मास्टर्स नक्की करणार असाल तर चांगल्या कॉलेजात बीए करा, सुट्ट्यांत एखाद्या संस्थेत नियमित जा. तीन वर्षांत कमवायला लागणार असेल तर बीएसडब्ल्यू, कारण छोट्या संस्थांमधली फिल्डवरची कामं त्यावर मिळतात. आणि अ‍ॅडमिशनला जाल तेव्हा विचाराच, फिल्डवर्क आठवड्यात किती दिवस, एजन्सी कुठल्या, सुपरव्हायझर खरंच भेटतात का आणि एसटीचं भाडं कोण देतं.