‘स्वच्छ’ची घरोघरची कचरासेवा : पुण्यातील एका ग्राहकाचा अभिप्राय

‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुण्यात घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा गोळा करते आणि आमच्या सोसायटीतील अनुभवावरून ही सेवा मला मनापासून पसंत आहे. मात्र हे काम या महिलांना कोणी आयते दिलेले नाही. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कुंड्यांतून भंगार वेचणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील या महिलांनी, दारावरचा कचरा खासगी गाड्यांच्या हाती गेला तर आपली भाकरीच जाईल हे ओळखले आणि संघटित होऊन त्या कामावर हक्क सांगितला. आधी ओळखपत्रे मिळाली, नंतर सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार झाला.

आमच्याकडे येणाऱ्या ताई पार्किंगच्या कोपऱ्यात सुका कचरा पसरून दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, बाटल्या आणि पत्र्याचे डबे वेगवेगळे करतात. कोणत्या प्लास्टिकला भाव मिळेल, हे त्यांना पिशवी चुरगाळताच कळते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र भंगारात कोणी विचारत नाही. विकलेल्या भंगाराचे पैसे त्यांचेच असतात, शिवाय घरटी मासिक शुल्कही त्यांनाच मिळते, त्यामुळे आपण कचरा वेगळा करून दिला की त्यांचे श्रम वाचतात आणि कमाईही वाढते.

उणीव आहे ती आम्हा रहिवाशांची. काही घरांतून वापरलेले सॅनिटरी पॅड आणि फुटलेली काच अजूनही कागदात न गुंडाळताच डब्यात पडते आणि तोच डबा ताईंना हाताने उपसावा लागतो, याचा मला संताप येतो. ‘मिळकतकर भरतो, मग हे शुल्क कशाला?’ असा प्रश्न सोसायटीच्या सभेत हमखास निघतो. पण रोज दारापर्यंत येऊन कचरा उचलणे आणि त्याचे वर्गीकरण करणे ही मजुरी आहे, आणि ती वेळेवर देणे हे आपले कामच आहे.

महापालिकेकडूनही एक अपेक्षा आहे. २०२० अखेर करार संपल्यावर काही काळ हे काम छोट्या मुदतवाढींवर चालले. इतक्या वर्षांच्या लढ्यातून मिळवलेला रोजगार असा टांगणीला लागू नये, म्हणून करार दीर्घ मुदतीचाच हवा आणि तो संपण्याआधीच नव्याने व्हायला हवा.